छापून आलेली निवृत्ती

टाउन कौन्सिलच्या हिशेब विभागात मला नोकरी लागली तेव्हा पुण्याला माझ्या सासूबाईंनी सगळ्यांना सांगून टाकलं की सून सिंगापूरच्या नगरपालिकेत आहे. ते अगदीच चूक नव्हतं. फक्त रस्ते, पाणी, शाळा यांतलं काही आमच्याकडे नव्हतं. सरकारी फ्लॅटांच्या इमारतींची देखभाल तेवढी होती. लिफ्ट, जिने, कॉरिडॉरमधले दिवे, तळमजल्याची मोकळी जागा, कबुतरांची घाण, रंगकाम. म्हणजे लोक ज्यावरून चिडतात ते सगळं आमच्याकडे, आणि ज्याचं कौतुक करतात ते दुसऱ्या कोणाकडे तरी.

आम्ही राहायचो बुकित बातोकला. नवरा हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत होता, मुलगी प्राथमिक शाळेत. माझं ऑफिस बरंच लांब, वेगळ्याच वसाहतीत होतं. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच असतील आणि त्यांच्यापैकी कोणाशीही माझं भांडण नाही. तेव्हा होतं, पण ते किती दिवस टिकणार.

सार्सची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या जनरल मॅनेजरांच्या मनात आलं की कर्मचाऱ्यांमध्ये आपलेपणा वाढायला हवा. साथीच्या दिवसांत आम्ही रोज सकाळी ताप मोजून कामाला लागायचो आणि एकमेकांपासून लांब बसून जेवायचो. साथ गेली तरी लांब बसायची सवय काही गेली नाही. यावर उपाय म्हणून एक वार्तापत्र काढायचं ठरलं. गुळगुळीत कागद, चार पानं, दर तीन महिन्यांनी. मीटिंगमध्ये जनसंपर्क विभागाच्या मॅनेजरबाईंनी विचारलं, संपादन कोण करील? सगळे टेबलाकडे बघायला लागले. मग त्याच म्हणाल्या, "हिशेबातल्या मॅडम जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचत असतात."

मी मराठी कादंबरी वाचत असे. तिचा आणि इंग्रजी वार्तापत्राचा काय संबंध, हे मी विचारेपर्यंत सभेच्या टिपणात माझं नाव गेलंसुद्धा.

खरं सांगायचं तर पहिल्या अंकाला मी हौसेने बसले. रोज सगळ्या विभागांची बिलं माझ्या टेबलावरून जात, कोण काय करतं ते मला दिसत होतं. आमच्या काउंटरवर एक तरुण चिनी मुलगी होती. एका आजोबांनी लिफ्ट बंद असल्यावरून तिला सकाळभर सुनावलं, आणि दुपारी तेच आजोबा खालच्या दुकानातून तिच्यासाठी कॉफी घेऊन आले, कारण आपल्यामुळे हिचं खाणंपिणं राहिलं असं त्यांना वाटलं. मी एवढंच लिहिलं, सरळ, जसं घडलं तसं.

मॅनेजरबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "गोष्ट छान आहे. पण लिफ्ट बंद होती असं नको."

"लिफ्ट बंद नव्हती तर आजोबा ओरडले कशाला?"

"ओरडले हेही नको."

मग ते जनरल मॅनेजरांच्या हाताखालच्या डेप्युटी साहेबांकडे गेलं. त्यांचं म्हणणं पडलं की आजोबांनी कॉफी दिली म्हणजे कर्मचाऱ्याने नागरिकाकडून भेट स्वीकारली, आणि ते नियमात बसत नाही. कॉफी गेली. शेवटी छापून आलं ते असं, की आमचे काउंटरवरचे कर्मचारी नागरिकांशी आपुलकीने संवाद साधतात. वर काउंटरचा फोटो होता. काउंटरवर कोणीही नव्हतं, कारण फोटो जेवणाच्या सुट्टीत काढला होता.

घरी नवऱ्याला हे सांगितलं तर तो इतका हसला की मला त्याचाच राग आला. "तू पगार हिशेबाचा घेतेस ना," तो म्हणाला, "मग छापतात ते छापू दे." मी तसंच केलं. वाढदिवस, बाळं, वार्षिक जेवण, जनरल मॅनेजरांचा संदेश. एक अंक झाला, दुसरा झाला, आणि वार्तापत्र कोणीही वाचत नाही हे सर्वांनी मनोमन मान्य केलं. कचऱ्याच्या टोपलीत ते उघडलेलंसुद्धा नसायचं.

ऑफिसातल्या खऱ्या बातम्या मिळायच्या पॅन्ट्रीत, पाकचिकांकडे.

पाकचिक म्हणजे मलय भाषेत काका. ते देखभाल विभागात होते, काही इमारती त्यांच्या ताब्यात होत्या. आडव्या बांध्याचे, मिशा काळ्या केलेल्या, आवाज असा की ते हळू बोलतात तेसुद्धा तीन टेबलांना ऐकू जावं. इमारतींची फेरी मारून आले की फ्रिजशेजारच्या खुर्चीवर काळी कॉफी घेऊन बसत. कोणाची बदली होणार, कोणाला दिवस गेलेत, कोण दुसरीकडे मुलाखत देऊन आलं, हे सगळं त्यांना आधी कळे. कुठून कळे ते कधी समजलं नाही.

ते फार प्रेमळ वगैरे होते असं नाही. मी एकदा ऑफिसच्या मशीनवर पासपोर्टच्या प्रती काढल्या, भारतात जायचं होतं म्हणून, तर यांनी बातमी उठवली की हिशेबातल्या मॅडम ऑस्ट्रेलियाला कायमच्या चालल्या. आठवडाभर माझे वरिष्ठ माझ्याशी तुटक बोलत होते आणि मला कारण कळत नव्हतं. कळलं तेव्हा मी पॅन्ट्रीत जाऊन पाकचिकांना विचारलं, तर ते म्हणाले, "नाही जात ना? मग चांगलंच आहे की." माझ्या रागाचं त्यांना काहीच वाटलं नाही.

वार्तापत्राकडे त्यांचं विशेष लक्ष होतं. अंक आला की पानं उलटून बघायचे आणि मला विचारायचे, "मॅडम, यात बातमी कुठे आहे? मला सापडली नाही."

"नसते," मी म्हणायचे. "तुम्ही आहात ना."

हे त्यांना आवडायचं.

त्या वर्षाच्या शेवटी त्यांचं निवृत्तीचं वय होणार होतं. पण पुढे वर्षावर्षाच्या करारावर राहता येत असे, वरून मंजुरी मिळाली तर. त्यांनी अर्ज केला होता. पैशांची अडचण नव्हती, दोन्ही मुलगे कमावते होते. त्यांना घरी बसायचंच नव्हतं. "मी घरी बसलो तर बायको घराबाहेर पडेल, असं तिनेच सांगितलंय," ते पॅन्ट्रीत म्हणायचे. अर्ज केल्याचं त्यांनीच प्रत्येकाला सांगितलं होतं. त्यामुळे ही गोष्ट माहीत नसलेलं माणूस ऑफिसात असेल असं मला वाटलं नव्हतं.

एक होतं. मॅनेजरबाई पॅन्ट्रीत येत नसत. त्या कॉफी जागेवर मागवत.

त्या तिमाहीच्या अंकात तिसऱ्या पानावर कर्मचाऱ्यांच्या बॅडमिंटनच्या अंतिम सामन्याचं वर्णन यायचं होतं. सामना झालाच नाही. हॉल त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी दिलेला निघाला. पानावर मोठी मोकळी जागा राहिली. मी मॅनेजरबाईंना म्हटलं, तिथे मुलांनी काढलेली चित्रं टाकू, सगळ्यांच्या घरी मुलं आहेत. "कॅन, कॅन," त्या म्हणाल्या, म्हणजे चालेल. त्याच दिवशी माझ्या मुलीला कांजिण्या निघाल्या आणि मी रजेवर गेले.

परत आले तेव्हा अंक छापून सगळ्या शाखांमध्ये वाटून झाला होता. माझ्या टेबलावर एक प्रत होती. मी तिसरं पान उघडलं. मोकळ्या जागेत पाकचिकांचा फोटो होता, कुठल्या तरी जुन्या कौटुंबिक सहलीतला. डोक्यावर कागदी टोपी, हातात नूडल्सची प्लेट, तोंड अर्धवट उघडं. वर मोठ्या अक्षरांत निवृत्तीच्या शुभेच्छा आणि खाली मजकूर: इतक्या वर्षांच्या निष्ठावान सेवेनंतर पाकचिक आपला निरोप घेत आहेत, त्यांची उणीव आम्हाला सदैव भासेल. शेवटच्या पानावर, नेहमीप्रमाणे, संपादक म्हणून माझं नाव.

दहा-पंधरा मिनिटांनी पाकचिकच आले. अंकाची गुंडाळी हातात होती. मला वाटलं आता आवाज चढणार. चढला नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "मी कधी जातोय?"

"पाकचिक, हे मी नाही..."

"नाही, तारीख दिलेली नाही यात. कळली तर बायकोला सांगता येईल."

मी त्यांना सांगितलं की मी रजेवर होते, हे मी लिहिलेलं नाही, माझ्याही डोळ्यांसमोर आत्ताच आलंय. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एका इमारतीच्या खाली सफाईवाल्यांनी माझा हात धरला आणि अभिनंदन केलं. मी विचारलं कशाबद्दल. त्यांनी हे दाखवलं." आणि गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवून ते निघून गेले. त्या दिवशी ते पॅन्ट्रीत बसले नाहीत.

मी मॅनेजरबाईंकडे गेले. त्या कामात होत्या, पण हसून बसायला सांगितलं.

"पाकचिक निवृत्त होत नाहीयेत," मी म्हटलं.

"त्यांचं वय झालं ना या वर्षी? मी वयं बघितली. जागा रिकामी होती, म्हटलं एक चांगली गोष्ट जाईल."

"त्यांनी पुढे राहण्यासाठी अर्ज केलाय. उत्तर यायचंय."

"अरे," त्या म्हणाल्या, आणि अंक पुन्हा पाहून, "पण मजकूर तर चांगलाच आहे. त्यांच्याबद्दल वाईट काही नाही."

"आपल्याला चूक दुरुस्त करायला हवी. आजच सगळ्यांना ईमेल पाठवू."

"ईमेल पाठवली तर चूक झाली असं दिसेल."

"चूक झालीच आहे."

"हो, पण आता फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आणि पाकचिकांना."

त्या वाईट नव्हत्या, हे मला आजही सांगावंसं वाटतं. त्या खरोखर घाबरल्या होत्या. पण घाबरलेलं माणूस जसं हळूहळू, समजुतीच्या आवाजात बोलतं तसं त्या बोलत होत्या, आणि तेच मला सहन होत नव्हतं. सगळ्यांना एकदम ईमेल पाठवायची तर त्यांच्या परवानगीशिवाय जात नसे. पुढच्या अंकात दुरुस्ती छापायची तर ती त्यांच्याकडून, मग डेप्युटींकडून, मग जनरल मॅनेजरांकडून जाणार. खोटी बातमी कोणालाही न विचारता छापली गेली होती आणि खरी छापायला एवढे सगळे लागणार होते.

घरी मी हे पुन्हा सांगायला लागले तर मुलगी, अंगभर गुलाबी लोशन लावून सोफ्यावर पडलेली, टीव्हीवरची नजर न काढता, तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट टेल एव्हरीबडी लाह."

"तोंडाने सांग," नवरा म्हणाला. "पोरगी बरोबर बोलतेय."

मी सांगितलं. जो भेटेल त्याला सांगितलं. आणि गंमत अशी की पाकचिकांनी पॅन्ट्रीत उठवलेली कुठलीही बातमी आमच्या ऑफिसने आजवर एका क्षणात खरी मानली होती, पण मी तोंडी सांगितलेली ही खरी गोष्ट कोणी मानायला तयार नव्हतं. "पण छापून आलंय," असं म्हणायचे. एक जण म्हणाला, "वर ठरलं असेल, तुम्हाला सांगितलं नसेल." ज्या अंकाची कोणी घडीही उघडत नव्हतं, तो या एका वेळी सगळ्यांनी वाचला होता.

पुढे दोन आठवड्यांत सगळं ऑफिस त्या बातमीप्रमाणे वागायला लागलं. पाकचिकांच्या निम्म्या इमारती एका नव्या अधिकाऱ्याला दिल्या गेल्या, म्हणजे आयत्या वेळी धावपळ नको. निरोपाच्या भेटीसाठी पाकीट फिरायला लागलं. कर्मचारी कल्याण समितीने निरोपाच्या जेवणासाठी हॉल घेतला, हलाल केटरर ठरवला, आणि वार्तापत्राची संपादक म्हणून मला त्या समितीत घातलं. त्या बैठकीत मी म्हटलं की ज्या माणसाचा निरोप आहे तो जात नाहीये. अध्यक्षांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, शाकाहारी किती जण आहेत?

लोक पाकचिकांबद्दल भरभरून बोलायला लागले होते. स्टोअरमधले गृहस्थ, जे वर्षानुवर्षं त्यांच्याशी एका-एका ट्यूबलाइटवरून भांडत आले होते, ते त्यांना भेटून गेले आणि म्हणाले की तुम्ही मला भावासारखे आहात. पाकचिक प्रत्येकाला "थँक यू" म्हणत. मी जात नाहीये, असं ते कोणालाच म्हणत नव्हते. ते पाहून मला त्यांचाही राग आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या सांगितल्या आणि स्वतःची खरी बातमी सांगायची वेळ आली तर तोंड मिटून बसले.

शेवटी मी एचआरमध्ये गेले. तिथल्या अधिकाऱ्याने कपाटातून अर्ज काढून दाखवला. तो तसाच पडून होता.

"यावर निर्णय का नाही झाला?" मी विचारलं.

"आम्ही वर पाठवणार होतो. मग वार्तापत्रात आलं. आम्हाला वाटलं वरूनच नाही म्हटलंय."

"वार्तापत्र मी काढते."

"हो, पण जनरल मॅनेजरांनी पाहिल्याशिवाय ते जात नाही ना," तो म्हणाला.

त्याचं चुकत नव्हतं. मॅनेजरबाईंना वाटलं एचआरला माहीत असेल, एचआरला वाटलं जनरल मॅनेजरांनी ठरवलं असेल. मी माझ्या टेबलावरून तिमाहीचे हिशेब उचलले आणि जनरल मॅनेजरांच्या खोलीत गेले. हिशेब घेऊन गेलं की मला कोणी अडवत नसे.

ते वयस्क चिनी गृहस्थ होते, हळू आणि नेमकं बोलणारे. हिशेब पाहून झाल्यावर मी म्हटलं, "सर, वार्तापत्राबद्दल थोडं बोलायचं होतं."

"चांगलं निघतं. कागद चांगला आहे."

"तिसरं पान वाचलंत?"

त्यांनी कपाटावरचा अंक घेतला आणि पान उघडलं. पहिल्यांदाच उघडत होते हे दिसत होतं. त्यांचा संदेश पहिल्या पानावर असे, आणि मला वाटतं ते तेवढंच वाचत.

"हा जातोय? मला वाटलं याला राहायचंय."

"त्यांना राहायचंच आहे. त्यांचा अर्ज एचआरमध्ये आहे. तो तुमच्यापर्यंत आला नाही, कारण एचआरला वाटलं तुम्ही नाही म्हणालात."

"मी कधी नाही म्हणालो?"

"इथे," मी त्या फोटोवर बोट ठेवलं.

त्यांनी अंक डोळ्यांजवळ धरून कागदी टोपी निरखली. मग विचारलं, "काम कसं आहे याचं?"

"काम चांगलं आहे, सर. बोलतात फार."

"ते माहीत आहे. माझं हृदयाचं ऑपरेशन ठरलं ते माझ्या मुलाच्या आधी याला कळलं होतं." त्यांनी फोन उचलून अर्ज मागवला आणि माझ्यादेखत एका वर्षाची मंजुरी दिली. एवढंच काम होतं. मी दोन आठवडे ज्यासाठी भिंतींवर डोकं आपटलं ते त्यांनी बसल्या जागी केलं, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी रडू येईल की काय असं वाटलं.

"जेवणाचं काय करायचं, सर? हॉल घेतलाय."

"जेवण सांगितलंय ना? मग जेवू."

तर ते जेवण झालं. कापडी बॅनर आधीच छापून आला होता, तेव्हा मॅनेजरबाईंनी त्यातला निवृत्तीचा भाग आत दुमडून टाचण्या लावल्या. उरलं फक्त "हॅपी". त्याखाली कोणीतरी कागदावर "लंच" लिहून चिकटवलं. भेट म्हणून चाकांची मोठी बॅग आणली होती, निवृत्तीनंतर फिरायला. तीही दिली. माझ्या शाकाहारी ताटातल्या शेवयांत अंडं निघालं, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

पाकचिक बाटिकचा शर्ट घालून बायकोला घेऊन आले. जनरल मॅनेजरांनी जाहीर केलं की ते आणखी एक वर्ष आपल्याबरोबर आहेत. टाळ्या पडल्या, जरा गोंधळलेल्या. मग पाकचिकांच्या हातात माइक दिला.

"दोन आठवडे तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात," ते म्हणाले, "ते ऐकून मला वाटलं मी मेलोच. स्टोअरवाले साहेब म्हणाले मी त्यांचा भाऊ आहे. सोमवारी मी भावाकडे ट्यूबलाइट मागायला येतोय. बघू."

सगळे हसले, स्टोअरवाले सगळ्यात जास्त. मीही हसले. माझ्या शेजारी पाकचिकांच्या पत्नी बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. माझ्या ताटात फळं वाढता वाढता मला म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या पेपरवाल्या?"

मी सगळं पुन्हा सांगायला सुरुवात केली, रजेचं, कांजिण्यांचं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून थांबवलं. "ते माहीत आहे, यांनी सांगितलं. तुमच्यावर राग नाही. पण त्या दिवशी हे घरी आले आणि कोणाला काही बोलले नाहीत. खाली बाकावर यांचे मित्र बसतात, तिथे गेले नाहीत. शेजारीण विचारायला आली तर दार लावून घेतलं. बोलतात फार म्हणून लोकांना वाटतं, यांना काही लागत नाही."

"पण ते जात नाहीत असं त्यांनी लोकांना सांगितलं का नाही?"

"आणि खरंच जायला लागलं असतं तर?" त्या म्हणाल्या. "तर लोक म्हणाले असते, बघा, म्हाताऱ्याला राहायचं होतं आणि ठेवलं नाही. निदान पेपरात तरी सन्मानाने जात होते."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्यांच्यावर चिडले होते ते थांबलं. बाकीच्यांवरची चीड मात्र दुप्पट झाली.

पुढच्या अंकात बातमी आली. पाकचिक आणखी एक वर्ष आपल्यासोबत आहेत याचा आम्हाला आनंद होत आहे, एवढीच. चुकीचा उल्लेख नाही, आणि फोटो तोच, कागदी टोपीचा, कारण त्यांचा दुसरा फोटो नाही असं मॅनेजरबाई म्हणाल्या. माणूस रोज समोरून जात होता. मी कॅमेरा घेऊन जाते म्हटलं, तर म्हणाल्या, पानं मंजूर होऊन आली आहेत.

काढून घेतलेल्या इमारती पाकचिकांना परत मिळाल्या नाहीत. नवा अधिकारी तिथे रुळला होता. त्यांना नवी काही जबाबदारीही दिली नाही. ते वर्ष त्यांनी उरलेल्या इमारतींवर काढलं. स्टोअरवाल्यांशी भांडणं पूर्ववत झाली, पॅन्ट्रीतली खुर्चीही चालू झाली. पण एक फरक मला जाणवला. कोणाच्या बदलीबद्दल कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "त्याला कळलंय का आधी? त्याला कळू दे." पूर्वी असं कधी म्हणत नसत.

वर्ष संपलं आणि या वेळी त्यांनी अर्ज केला नाही. गुडघे दुखायला लागले होते, जिने चढवत नाहीत म्हणाले. मी मजकूर तयार केला. स्वतः जाऊन त्यांचा फोटो काढला, एका इमारतीखाली सफाईवाल्यांबरोबर, नीट शर्टात, हसताना. तो घेऊन मॅनेजरबाईंकडे गेले.

"पण यांची निवृत्ती आपण छापली आहे," त्या म्हणाल्या.

"ती खोटी होती."

"हो, पण छापली आहे. मग मुदतवाढही छापली. आता परत छापलं तर लोक गोंधळतील. आणि भेटही दिली आहे."

त्या मनापासून बोलत होत्या. मी म्हटलं, संपादक म्हणून माझं नाव काढून टाका. त्या म्हणाल्या, तो विषय पुढच्या मीटिंगला घेऊ. फोटो मी छापून घेतला आणि पाकचिकांच्या पत्नीला पाठवून दिला.

त्यांच्या शेवटच्या दिवशी काउंटरवरची ती मुलगी आणि मी त्यांना जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, जेवायला घेऊन गेलो. भाषण नाही, बॅनर नाही. त्यांनी नासी पादांग, म्हणजे भात आणि त्यावर मलय कालवणं, घेतलं, माझ्यासाठी एका स्टॉलवरून डोसा आणून दिला, आणि जेवताना सगळ्या ऑफिसच्या बातम्या सांगितल्या. जनरल मॅनेजर पुढच्या वर्षी जाणार. डेप्युटी त्यांच्या जागी येणार नाहीत, बाहेरून कोणी येणार. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा पेपर कागदावर बंद होणार, मॅडम. कॉम्प्युटरवर येणार. तुम्ही सुटलात." आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "तुला मिळणार."

तिचा चमचा हातातच राहिला. "मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"म्हणून मी सांगतोय."

सगळं खरं निघालं. त्या मुलीने पुढे वार्तापत्र काढलं, मी तिला एकच सांगितलं होतं की रजा घ्यायची तर अंक निघाल्यावर घे. मी अजून काही वर्षं तिथे होते. महिन्या-दोन महिन्यांतून माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा आणि पलीकडून पाकचिक आमच्याच ऑफिसात काय चाललंय ते मला सांगायचे, मला माहीत नसलेलं. हिशेब अर्धवट पडलेले असायचे, मागे कोणीतरी सही घ्यायला उभं असायचं. मी "हो, हो" म्हणत राहायचे, त्यांचं संपेपर्यंत.